मारका मासा नावाची थाप

लातूरच्या एका दुकानात मी प्लास्टिकचा डबा घेऊन उभा होतो. डब्यात एक लोच. दुकानदाराने डबा उजेडाकडे धरला, मान हलवली आणि निकाल देऊन टाकला. "सर, हे मारकं आहे. एखादं निघतंयच असं. ठेवा इथंच, दुसरं घेऊन जा."

मारकं. आपण बैलाला लावतो तो शब्द, चार बोटं लांबीच्या माशाला. पण त्या घडीला मला तो पटला होता. त्या माशाने आठवड्याभरात एका माशाचा जीव घेतला होता आणि दुसऱ्याची शेपटी कुरतडली होती. मला फक्त कोणीतरी "तुमची काही चूक नाही" असं म्हणायला हवं होतं, आणि दुकानदार नेमकं तेच म्हणत होता.

मी डबा परत घेऊन घरी आलो. का आणला, ते सांगतो. त्याआधी माझं म्हणणं उघडपणे मांडतो. फिशटँकमधला 'मारका मासा' ही बहुतेक वेळा आपण ठेवणाऱ्यांनी स्वतःची चूक झाकायला मारलेली थाप असते. ही थाप दुकानं विकतात, व्हिडिओ करणारे पसरवतात आणि आपण आनंदाने विकत घेतो. त्यात मरतो तो मासा.

आधी माझा गुन्हा सांगतो.

मी मूळचा नांदेडचा. अकरावी-बारावी लातूरला, इंजिनिअरिंग परत नांदेडला, नोकरी पुण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअरची. बायको लातूरला क्लासमध्ये शिकवते, म्हणून आम्ही लातूरला राहतो आणि मी घरून काम करतो. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे शिणतात, म्हणून टेबलाशेजारी दोन फुटी टँक घेतला. गुप्पी, थोडे टेट्रा, चार झाडं. झाडांबरोबर गोगलगायींची अंडी आली आणि दोन महिन्यांत काचेवर गोगलगायीच गोगलगायी. दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं: "एक लोच टाका, सगळं साफ करतंय."

एक. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातून निघालं.

तो योयो लोच होता. लहानपणी त्याच्या अंगावरच्या रेषा इंग्रजी वाय आणि ओ ही अक्षरं लिहिल्यासारख्या दिसतात, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव बोटिया अल्मोऱ्हे, आपल्या उत्तराखंडातल्या अल्मोड्यावरून. त्याने गोगलगायी खरंच संपवल्या. मग दीड वर्ष तो एकटा होता. काचेच्या एका कोपऱ्यात खाली-वर, खाली-वर पोहत राहायचा. मला वाटायचं, किती मजेत आहे! मध्येच तो टेट्राच्या मागे धावायचा. मला वाटायचं, किती खेळकर आहे!

दिवाळीला नांदेडला गेलो तेव्हा एका दुकानात झेब्रा लोच दिसले. सोनेरी अंगावर काळपट पट्टे, फारच देखणे. दोन घेतले. विचार एवढाच की हेही लोच, तेही लोच, जमेल. लातूरला पोचल्यावर पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवली आणि लख्ख दिव्यात दोघांना आत सोडलं. योयोने पहिल्या दहा मिनिटांत दोघांना फिल्टरच्या मागे रेटलं. टँकमध्ये लपायला मातीच्या फुटक्या कुंडीचा एकच तुकडा होता आणि तो दीड वर्षापासून त्याचा होता. चौथ्या दिवशी सकाळी एक झेब्रा तळाशी पडलेला सापडला. दुसऱ्याची शेपटी अर्धी उरली होती.

आमच्या धंद्यात प्रॉडक्शनवर काही कोसळलं की पहिला प्रश्न एकच असतो: काल काय बदललं? माझ्या टँकमध्ये माशाचा स्वभाव बदलला नव्हता. बदल मी केला होता. तरी डब्यात घालून दुकानात मी त्यालाच नेलं.

लोच म्हणजे नेमका कसला प्राणी, हे मी घेण्याआधी वाचायला हवं होतं. वाचलं नंतर. हे मासे तळाशी राहतात. तोंडाजवळ मिशा, त्याने वाळू चाचपतात. रात्री जास्त हिंडतात. कधीकधी आडवे पडून झोपतात. व्हिडिओ कॉलवर आई ओरडली होती, "आरे, ते मेलंय बघ, आडवं पडलंय!" मेलेलं नव्हतं, झोपलं होतं. योयो-झेब्राच्या कुळातल्या लोचच्या डोळ्याखाली एक काटा असतो. घाबरला की तो काटा उघडून अडकवतो. त्यामुळे त्याला जाळीत पकडू नये, काटा जाळीत गुंततो आणि मासा जखमी होतो. डबा वापरायचा. खाताना किंवा भांडताना ते टकटक असा आवाजही काढतात, शांत खोलीत बाहेर ऐकू येतो. आणि भांडताना त्यांचा रंग उडतो. अंग राखाडी होतं, पट्टे फिके पडतात. दोन लोच अंगाला अंग लावून, राखाडी होऊन गोल फिरताना दिसले तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं. ते आपापसात क्रम ठरवत असतात. दमले की सुटतात आणि तासाभरात शेजारी शेजारी पडलेले दिसतात.

सगळ्यात महत्त्वाचं हे की लोच टोळीने राहतात. त्यांच्यात उतरंड असते: कोण आधी खाणार, कोणाची गुहा, कोण कोणाला वाट देणार. ही उतरंड ठरवायला त्यांना आपल्याच जातीचे पाच-सहा तरी लागतात. आता साधं गणित करा. टँकमध्ये दोनच लोच असतील तर एक कायम वरचा आणि एक कायम खालचा. वरच्याचा प्रत्येक धक्का त्याच एकाला बसतो, सकाळ-संध्याकाळ, सुटका नाही. तीन असतील तर अनेकदा दोघं एकीकडे आणि तिसरा वाळीत. सहा असतील तर धक्के वाटले जातात. कोणाच्याच वाट्याला जीव जाईल इतकं येत नाही. आणि एकच असेल तर? तर त्याची टोळी करायची भूक टेट्रावर निघते, गुप्पीवर निघते, काचेत दिसणाऱ्या स्वतःवर निघते. काचेशी खाली-वर करणारा माझा 'मजेतला' मासा दीड वर्ष दुसरा लोच शोधत होता, असं मी आज म्हणेन.

त्यात जागेचा हक्क आला. जो आधीपासून राहतो तो नव्याला बहुतेक वेळा हरवतो, हे प्राण्यांच्या अभ्यासकांनी माशांपासून पक्ष्यांपर्यंत पाहिलेलं आहे. पुढे १९७३ साली नोबेल मिळालेले ऑस्ट्रियाचे कोन्राड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातच माशांपासून होते. त्यांचं निरीक्षण असं की मासा आपल्या हद्दीच्या मध्याशी सगळ्यात धीट असतो आणि तिथून जितका लांब जाईल तितका त्याचा धीर कमी होतो. समुद्रात, नदीत हरलेला मासा हद्दीबाहेर निघून जातो आणि भांडण तिथंच मिटतं. दोन फुटी टँकमध्ये हद्दीबाहेर म्हणजे कुठे? काचेबाहेर? पळून जाता न येणं हेच तिथं मरणाचं कारण असतं.

लातूरमध्ये राहिलेल्या कोणालाही हे समजायला लोरेन्झ लागू नये. अकरावीत मी इथेच कॉटबेसिसवर राहायचो. खोलीत तीन कॉट, राहणारे आम्ही दोघं. जानेवारीत परभणीकडचा एक मुलगा मधूनच आला. त्याला आम्ही कधी हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त दोन्ही प्लग आमचे होते. कपाटाचे वरचे खण आमचे. दिवा कधी बंद करायचा ते आम्ही ठरवायचो. मेसला निघताना त्याला हाक मारायची राहून जायची. तो दाराजवळच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून वाचायचा. तीन आठवड्यांत त्याने खोली बदलली. खोलीमालक म्हणाले, "त्या पोराचं कुणाशी जमतच नव्हतं."

बघा, तिथे नवीन आलेला दोषी ठरला. माझ्या टँकमध्ये जुना दोषी ठरला. शिक्का कोणावरही बसतो, फक्त ज्याने दोघांच्या खोलीत तिसरी कॉट टाकली त्याच्यावर बसत नाही. एक फरक मात्र मी पचवू शकत नाही. लोचला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. मला आणि माझ्या रूममेटला शक्य होतं. प्लग सोडायला आमचं काय जात होतं?

आता प्रश्न येतो की मग नवीन लोच आणायचेच कसे. हे सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्यातले बरेच औषधापासून सुरू होतात आणि "भांडखोर मासा काढून टाका" इथे संपतात. माझी मांडणी उलटी आहे. भांडण सोडण्याच्या दिवशी सुरू होत नाही, ते टँक घेतानाच ठरतं.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे तळाची जागा. दुकानदार लिटर सांगतो. लोचला लिटरशी फार देणंघेणं नसतं, तो फरशीवर राहणारा प्राणी आहे. माझा टँक दोन फूट बाय एक फूट, म्हणजे तळ दोन चौरस फूट. चार फूट बाय दीड फुटाचा टँक घेतला तर तळ सहा चौरस फूट होतो, तिप्पट. योयोसारखा पाच-सहा इंच वाढणारा मासा टोळीने ठेवायचा तर एवढं लागतं. झेब्रा लहान राहतो, त्याचं तीन फुटांत भागू शकतं. दुकानात सगळ्यात जास्त ज्याच्यावर बोट ठेवलं जातं तो केशरी-काळा क्लाउन लोच मात्र सुमात्रा-बोर्निओच्या नद्यांतला आहे. तो फूटभर वाढू शकतो आणि वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. तो दोन इंचांचा असताना दोन फुटी टँकसाठी विकणं ही फसवणूक आहे. मी दुसरा शब्द वापरणार नाही.

दुसरी गोष्ट, लपायच्या जागा माशांपेक्षा जास्त असाव्यात. सहा लोच तर आठ-नऊ बिळं. यासाठी महागडी सजावट लागत नाही. पीव्हीसी पाइपचे तुकडे, जुनी कौलं, फुटक्या कुंड्या चालतात, फक्त कडा घासून बोथट कराव्यात. दगड आणि झाडं अशी लावावीत की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सरळ पाहू शकणार नाही. नजरेआड झालेल्याचा पाठलाग लवकर थांबतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वेगळं ठेवणं. कोरोनानंतर 'क्वारंटाइन' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तरी माशाच्या बाबतीत आपण ते करत नाही. नवीन लोच साध्या वेगळ्या टँकमध्ये, स्पंज फिल्टर आणि हीटर लावून, तीन-चार आठवडे ठेवायचे. लोचचे खवले अगदी बारीक असतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांना पटकन धरतो आणि त्यावरची औषधंही त्यांना इतर माशांपेक्षा जास्त बाधतात, म्हणून औषधाचं प्रमाण नेहमीपेक्षा कमी ठेवून सुरुवात करतात. नदीतून पकडलेल्या लोचच्या पोटात जंतही असू शकतात. खातो पण पाठीकडून वाळत जातो, अशी ती खूण. या आठवड्यांचा भांडणाशीही संबंध आहे. प्रवासाने खंगलेला, आजारी मासा जुन्यासमोर टाकणं म्हणजे हरलेला पैलवान आखाड्यात ढकलणं.

चौथी गोष्ट, एकेक करून आणू नका. चार-पाच एकदम आणा, जुन्याच्याच मापाचे आणि त्याच्याच जातीचे. एकटा नवीन म्हणजे एकटं लक्ष्य.

आणि शेवटी सोडण्याचा दिवस. त्या दिवशी टँकची रचना पूर्ण बदलायची. कौलं उचलायची, दगड हलवायचे, झाडं इकडची तिकडे. जुन्याची हद्दच पुसली गेली की तोही त्या दिवशी नवीनच असतो. मग जुन्याला पोटभर खायला द्यायचं. नव्यांच्या पिशवीत टँकचं पाणी थोडं थोडं मिसळत तासभर घालवायचा. दिवे बंद करायचे आणि रात्री सोडायचं. दुसऱ्या दिवशी खाणं दोन-तीन ठिकाणी टाकायचं, म्हणजे एकच मासा सगळ्यावर बसणार नाही. पुढचे काही दिवस पाण्यातला अमोनिया तपासत राहायचं. एकदम पाच मासे वाढले की फिल्टरमधल्या जिवाणूंनाही जुळवून घ्यायला वेळ लागतो. रंग उडणं, गोल फिरणं, टकटक, हे सगळं होईल. हात घालायचा तो पंख फाटू लागले किंवा एखादा खाण्यालाच येईना, तर. आणि तेव्हाही आधी जाळीचा पडदा लावून वेगळं करायचं, शिक्का मारून दुकानात नेऊन द्यायचं नाही.

यावर मला आलेले आक्षेप सांगतो, कारण ते खोटे नाहीत.

पहिला: "काही मासे खरंच मारके असतात." असतात. स्कंक लोच नावाची जात टोळीतसुद्धा इतर माशांना त्रास देते, हे तो ठेवणारा प्रत्येक जण सांगतो. एकाच जातीतही एखादा जास्त दांडगा निघतो. पण हे म्हणण्याचा हक्क मिळवावा लागतो. टोळी दिली, तळ दिला, बिळं दिली, रचना बदलली, तरी तो मारत राहिला, तर म्हणा मारका. दोन फुटात एकटा ठेवून मारका म्हणणं म्हणजे इन्स्टॉलच न केलेलं सॉफ्टवेअर चालत नाही अशी तक्रार करणं.

दुसरा आक्षेप घरातून आला आणि तो सगळ्यात जड होता. चार फुटी टँकची गोष्ट काढली तेव्हा बायको म्हणाली, "आपण टँकरचं पाणी विकत घ्यायलाव आन तू माशाला बंगला बांधायलास?"

लातूरमध्ये हा विनोद नसतो. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यात पाच लाख लिटर पाणी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून कृष्णेकाठचं पाणी मांजरेकाठच्या माणसांनी प्यायलं. मी तेव्हा नांदेडला शिकत होतो. लातूरची आत्या फोनवर जेवलास का विचारायच्या आधी पाण्याचं सांगायची. अशा गावात अडीचशे लिटरचा टँक ठेवावा का?

मी हिशोब मांडला. टँक एकदा भरला की आठवड्याला साधारण पाव पाणी बदलायचं, साठेक लिटर, म्हणजे तीन बादल्या. ते पाणी फेकून द्यायचं नसतं. माशांच्या विष्ठेतून त्यात नायट्रेट उतरलेलं असतं, झाडांना ते खत. आमची तुळस, कढीपत्ता आणि गच्चीवरची वांगी आता त्याच पाण्यावर आहेत, त्यांना वेगळं पाणी लागत नाही. बायको अर्धी पटली. उरलेल्या अर्ध्या भागाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते नसण्यातच माझा मुद्दा आहे. ज्या वर्षी तीन बादल्या परवडणार नाहीत, त्या वर्षी मला टोळी ठेवायचा हक्क नाही. मग तडजोड म्हणून दोन फुटात एक लोच ठेवायचा नाही. तेव्हा लोचच ठेवायचा नाही. कमी पाण्यात सुखाने राहणारे दुसरे मासे आहेत. 'थोडक्यात भागवू' हे आपण स्वतःपुरतं म्हणू शकतो, दुसऱ्याच्या जिवावर नाही.

तिसरा आक्षेप मित्राचा: "शंभर रुपयांचा मासा, त्यावर एवढं भाषण?" याला उत्तर म्हणून मेलेल्या झेब्राबद्दल सांगतो.

झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायटा. १९२० साली नारायण राव यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जगात तो फक्त पश्चिम घाटात सापडतो, कर्नाटकातल्या तुंगेकडे आणि आपल्या कोल्हापूरकडच्या नद्या-ओढ्यांत, म्हणजे कृष्णेच्याच खोऱ्यात. २०१६ ला ज्या खोऱ्यातून आमच्या गावाला पाणी आलं, त्याच खोऱ्याचा हा रहिवासी. आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. संशोधकांनी २००५ ते २०१२ या काळातल्या निर्यातीचा हिशोब लावला, तेव्हा भारतातून ३० संकटग्रस्त प्रजातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी बाहेर गेल्याचं दिसलं. त्यातला बहुतेक वाटा ज्या मोजक्या माशांचा होता, त्यात हा झेब्रा आहे. बाजारातले असे बरेचसे मासे शेततळ्यात वाढवलेले नसतात, ओढ्यातून उचललेले असतात.

आता दुसरी गोष्ट शेजारी ठेवून बघा. सिंधुदुर्गातल्या आंबोलीला, हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात एक लोच सापडला. २०२० मध्ये त्याचं शिस्तुरा हिरण्यकेशी असं नामकरण झालं. तिथले लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. चांगलंच झालं. पण एका लोचला देऊळ मिळालं आणि त्याच खोऱ्यातला दुसरा लोच प्लास्टिकच्या पिशवीत नांदेडमार्गे लातूरला येऊन माझ्या हातून चौथ्या दिवशी मेला. तो शंभर रुपयांचा होता ही त्याची किंमत नव्हती. ती माझ्या बेफिकिरीची किंमत होती आणि ती फारच स्वस्त होती. महाग असता तर मी आधी वाचलं असतं.

पुढे काय झालं ते सांगून थांबतो.

उरलेला, शेपटी तुटलेला झेब्रा मी महिनाभर जुन्या बादलीत स्पंज फिल्टर लावून जगवला. नांदेडच्या एका मित्राकडे सात झेब्रांची टोळी आहे. अहमदपूर, लोहा करत एका रविवारी त्याला तिथे नेऊन सोडला. योयोसाठी चार फुटी टँक आला. दोन फुटी टँकचा क्वारंटाइन झाला. पाच योयो आणले, तिसऱ्या आठवड्यात ठिपके उठले, तापमान तीस अंशांपर्यंत नेलं, औषध जपून दिलं. तरी एक गेला. चार उरले. एका रात्री कौलं हलवून, दिवे घालवून त्यांना सोडलं आणि मी अंधारात खुर्ची टाकून बसलो. बराच वेळ टकटक ऐकू येत होती. मला झोप लागली नाही.

पहिला आठवडा जुना योयो सतत राखाडी होता. कधी याच्याशी भिडायचा, कधी त्याच्याशी. दहाव्या दिवशी सगळ्यात मोठ्या नव्याने त्याला कौलातून बाहेर काढलं. माझ्या पोटात गोळा आला. पण तो दुसऱ्या कौलात जाऊन बसला, कारण दुसरं कौल होतं. आज पाचही जण दुपारी एकाच पाइपमध्ये घुसून पडतात, बाकीची बिळं रिकामी ठेवून. काचेशी खाली-वर करणं बंद झालंय. टेट्रांकडे तो बघतसुद्धा नाही. तो साधू झालेला नाही. खायला टाकलं की अजून ढकलाढकली करतो, अजून रंग उडतो. त्या दिवशी डब्यात होता तोच मासा आहे.

त्या दुकानात परवा गेलो होतो. पुढच्या टँकमध्ये एक योयो एकटा काचेशी खाली-वर करत होता. एक मुलगा आईला तोच दाखवत होता आणि दुकानदार म्हणत होता, "एक घेऊन जा की, गोगलगायी साफ करतंय." मी मुलाला विचारलं, घरी टँक केवढा आहे? तो म्हणाला, एवढा, आणि दोन हात पसरले. मग हात थोडे जवळ आणले.

तुमच्या घरी केवढा आहे, ते मोजून मगच दुकानात जा.